खानावळीच्या मोरीवरचे दोन हँडवॉश डबे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला आमची खानावळ आहे. दुपार आणि रात्र मिळून रोज साधारण नव्वद ताटे होतात आणि हात धुण्यासाठी मागच्या पडवीत दोन बेसिने आहेत. गेल्या जून महिन्यात त्या दोन्हींवर भिंतीला लावायचे हँडवॉशचे डबे बसवून घेतले. या डब्यांत साबण वरून ओतायचा नसतो. आतले भांडे संपले की ते काढून भरलेले नवे बसवायचे असते. दोन्ही डबे एकाच बनावटीचे घ्यायचे होते, पण दुकानात प्रत्येक प्रकारचा एकेकच शिल्लक होता, म्हणून एक बाटलीचा आणि एक पिशवीचा असे घरी आले. तेव्हा मी थोडी नाराजच होते. आता मात्र असे वाटते की दोन्ही सारखे आले असते तर त्यांच्यातला बरावाईट भाग मला कळलाच नसता, कारण त्याच भिंतीवर आणि त्याच गिऱ्हाइकांच्या हाताखाली दोन्ही आठ महिने राहिले आहेत.

त्याआधी तेथे स्टीलचा एकच मोठा डबा होता. झाकण उचलून कॅनमधला साबण त्यात ओतावा लागे. तो डबा कधी पूर्ण रिकामा होतच नसे, कारण तळ दिसायच्या आत कोणीतरी भर घालत असे, आणि त्यामुळे तळाशी राहिलेला साबण किती महिन्यांचा आहे हे कोणालाच सांगता आले नसते. मे महिन्यात तो उतरवून धुवायला घेतला तेव्हा तळाला करडा, बुळबुळीत थर निघाला आणि त्याला आंबूस वास येत होता. साबणात कसले आले आहेत जंतू, असे पूर्वी मीही म्हणत असे. पण हँडवॉशमध्ये बराचसा भाग पाण्याचाच असतो, तो टिकावा म्हणून घातलेले द्रव्य मोजूनमापून घातलेले असते, आणि उघड्या तोंडातून धूळ, ओले हात व नळाचे पाणी आत जात राहिले की ते पुरे पडत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००२ साली दवाखान्यांसाठी काढलेल्या हातस्वच्छतेच्या सूचनांत, अर्धवट रिकाम्या डब्यात साबणाची भर घालू नये, त्याने साबण दूषित होऊ शकतो, असे स्पष्ट म्हटले आहे. आमची खानावळ म्हणजे दवाखाना नव्हे. परंतु तो थर डोळ्यांनी पाहिल्यावर त्याच डब्यात पुन्हा साबण ओतण्याची इच्छा राहिली नाही.

‘भांडे बदलता येते’ एवढ्यावर भुलून चालत नाही, भांड्याबरोबर आणखी काय बदलले जाते ते पाहावे लागते, हे समजायला मला दोन महिने लागले. बाटलीच्या डब्यात कडक प्लॅस्टिकची बाटली उलटी करून खालच्या पंपावर बसवतात. बाटली नवी येते, पण पंप, त्याची स्प्रिंग, आतल्या झडपा आणि साबण बाहेर पडण्याची चोच हे सगळे भिंतीवर जुनेच राहते. पिशवीच्या डब्यात मात्र पंप आणि चोच पिशवीच्या तोंडाशीच जोडून आलेली असतात. भिंतीवर राहते ते केवळ कवच आणि दाबायची पट्टी, म्हणजे साबणाचा स्पर्श ज्याला ज्याला होतो ते सारे पिशवीबरोबर बाहेर जाते. साबण काय, आज कोणीही तयार करतो. खरी गोम पंपात असते. १९८० साली अमेरिकेत ‘सॉफ्टसोप’ हा पंपाच्या बाटलीतला साबण आला, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी नक्कल करू नये म्हणून त्याच्या मालकाने म्हणे पंप बनवणाऱ्या कारखान्यांचा सगळा मालच आगाऊ नोंदवून टाकला होता. बाटलीच्या डब्याशी आठ महिने झगडल्यावर त्या गृहस्थाची हुशारी मला नीट कळली.

बाटलीवाल्याचे पहिले दुखणे म्हणजे ठिबकणे. हात बाजूला घेतल्यावर चोचीला एक थेंब लोंबत राहतो आणि थोड्या वेळाने खाली पडतो. दिवसभरात काही वाटत नाही, पण रात्री मोरी धुताना कडप्प्यावर तळहाताएवढे निसरडे थारोळे साचलेले असते, आणि सकाळी चोचीच्या तोंडाशी वाळलेल्या साबणाची खपली धरलेली असते. पहिला दाब त्या खपलीवर बसला की साबण सरळ खाली न पडता तिरका उडतो; एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर तो उडाल्यानंतर रोज सकाळी ओल्या फडक्याने चोच पुसणे हे एक कामच होऊन बसले. पिशवीच्या चोचीला टोकाशी मऊ सिलिकॉनचे दोन ओठ आहेत, ते दाबताना उघडतात आणि हात काढताच आपोआप मिटतात. आठ महिन्यांत त्या बेसिनवर ठिबकलेला साबण मला दिसला तो एकदाच, आणि त्यात डब्याचा दोष नव्हता. ते पुढे येईलच.

दुसरे दुखणे अधिक चमत्कारिक होते. ऑगस्टमध्ये एके दुपारी हाक आली, “वहिनी, साबण संपला.” बाटली दोनच दिवसांपूर्वी बदललेली होती. कवच उघडून पाहिले तर अर्धी बाटली भरलेली, आणि तिचे दोन्ही गाल कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखे आत गेलेले. कडक बाटलीतून साबण बाहेर जायचा तर तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढे भोक ठेवलेले असते आणि ते वाळलेल्या साबणाने बुजले होते. मी पिन टोचली, फुस्स असा आवाज झाला आणि बाटली डोळ्यांदेखत फुगून पूर्ववत झाली. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिले. भोक मोकळे असताना वीस दाबांत ३१ ग्रॅम साबण येत होता, पण पुढच्या वेळी ते बुजू लागलेले असताना मोजले तर जेमतेम ११ ग्रॅम. म्हणजे डब्यात साबण असूनही माणसे पाच-पाचदा बटण दाबत होती आणि आम्ही त्यांना उधळे म्हणत होतो. पिशवीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण साबण जाईल तशी ती स्वतःच चपटी होत जाते आणि हवेला आत येण्याचे कारण उरत नाही. तिच्यातून वीस दाबांत १९ ग्रॅम येतात, पहिल्या दिवशीही आणि शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशीही. दाबाला एक ग्रॅम कमी वाटेल. तिखट तर्री खाल्लेल्या हाताला दोन दाब लागतात, भात-आमटी खाल्लेल्याला एक पुरतो.

हे डबे आखणाऱ्याने जेवून उठलेला माणूस नजरेसमोर ठेवलेला नसावा, अशी माझी खात्री आहे. त्याचा उजवा हात खरकटा आणि डावा स्वच्छ असतो. बाटलीच्या डब्याला मध्यभागी रुपयाएवढे गोल बटण आहे. ते अंगठ्याने दाबायचे आणि त्याच हाताची बोटे खाली धरायची, अशी त्याची कल्पना आहे. माणूस उजवा हात पुढे करतो आणि खरकट्या अंगठ्याने बटण दाबतो, त्यामुळे महिनाभरात ते पांढरे बटण पिवळे झाले. पिशवीच्या डब्याला खालच्या बाजूला पूर्ण रुंदीची पट्टी आहे. ती डाव्या तळहाताने, मनगटाने, प्रसंगी कोपरानेही दाबता येते आणि उजवा हात चोचीखाली मोकळा राहतो. कोणाला सांगावे लागले नाही, लोक आपणहून तसेच करू लागले. पट्टीवरही हळदीचे डाग पडतात, नाही असे नाही. पण पूर्वी वडीच्या साबणाने पुसले की हळद तांबडी होऊन अधिकच उठून दिसायची, तसे या हँडवॉशने होत नाही. आणि ते बेसिन दुपारच्या उन्हात येत असल्यामुळे आठवड्याभरात डाग फिके पडतात.

बसवण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आमच्या भागातल्या भिंतींची गोष्ट निराळी आहे. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरले होते आणि पडवीच्या भिंतीला तेव्हापासून लोणा धरतो. गिलाव्यावर बोट फिरवले तरी पांढरी पूड हाताला लागते. डब्यांबरोबर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आली होती, ती पिशवीच्या डब्याला लावून पाहिली. दहाव्या दिवशी पहाटे डबा बेसिनमध्ये पडलेला मिळाला, आणि पट्टीला गिलाव्याचा पापुद्रा तसाच चिकटलेला होता. पट्टी सुटली नव्हती, भिंत सुटली होती. त्यानंतर गवंड्याला बोलावून बेसिनमागे फरशीचे दोन तुकडे बसवून घेतले, त्यांना काचेच्या ड्रिलने भोके पाडून गिट्ट्या ठोकल्या आणि दोन्ही डबे स्क्रूने आवळले. तेव्हापासून ते तसूभर हललेले नाहीत. त्या वेळी एक गोष्ट आम्ही बरोबर केली ती अशी, की चोच कडप्प्यावर न येता बेसिनच्या काठाच्या चार बोटे आत येईल अशी जागा धरली, म्हणजे पडलेला थेंबही पाण्यातच जातो. एक गोष्ट चुकली. डबे आमच्या उंचीने लावले, आणि रविवारी घरच्यांबरोबर येणाऱ्या मुलांना अजूनही कोणीतरी उचलून धरावे लागते.

डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या गारठ्यात साबण दाट होतो आणि दोन्ही पंप जड जातात. बाटलीच्या डब्यावर पोरांनी त्याचा उपाय काढला : बाटलीत तांब्याने थोडे पाणी. असा साबण मिठाने दाट केलेला असतो, पाणी पडले की तो चटकन पातळ होतो. मग पंपाला हलका वाटतो खरा, पण थेंब दुप्पट गळतो आणि टिकवणारे द्रव्यही पातळ होते. म्हणजे स्टीलच्या डब्यातली कहाणी नव्या भांड्यात पुन्हा सुरू. पिशवी उघडताच येत नाही, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटत होता.

तोही पुरता खरा नव्हता. नोव्हेंबरात सांगलीच्या दुकानात पिशव्या संपल्या. आज येतील, उद्या येतील करत दुकानदाराने दोन आठवडे काढले. आमच्याकडे वाढपाचे काम करणाऱ्या मुलाने चाकूच्या टोकाने रिकाम्या पिशवीची चोच उचकटली, नरसाळ्याने कॅनमधला साबण भरला आणि चोच दाबून परत बसवली. रात्रभर ती आतल्या आत गळली, सकाळी कवच उघडताच साबणाचा लोट पायावर आला. त्याला रागावावे असे मला वाटले नाही. पाच लिटरचा कॅन साडेचारशे रुपयांना मिळतो आणि ८०० मिलिलिटरची पिशवी दोनशे दहाला, म्हणजे लिटरमागे जवळजवळ तिप्पट; वर ती वेळेवर मिळणार नसेल तर माणूस दुसरे काय करणार? त्या मापाच्या पिशव्या शेवटी मिरजेत मिळाल्या, दवाखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात. तिथे त्या थप्पीने होत्या. सांगलीत-मिरजेत कोणी असा डबा घेणार असेल तर आधी पिशव्या कोठे मिळतात ते शोधावे आणि मगच भिंतीला भोक पाडावे, कारण एका बनावटीची पिशवी दुसऱ्याच्या कवचात बसत नाही.

पिशवीवाल्याचे बाकीचे दोष लहान आहेत, पण रोज बोचतात. आत किती साबण उरला ते दिसावे म्हणून कवचाला बोटभर फट ठेवली आहे. पिशवी मात्र कडेने चपटी होते, त्यामुळे फटीतून शेवटपर्यंत भरलेलीच वाटते. आता नवी पिशवी घालताना स्केचपेनने तिच्यावर तारीख लिहितो आणि आठव्या दिवशी कवच उघडून हाताने चाचपतो. संपलेल्या पिशवीत तोंडाजवळच्या घड्यांत तीस-पस्तीस ग्रॅम साबण अडकून राहतो, तो लाटण्याने लाटला तर निघतो. दोन दात्यांची प्लॅस्टिकची किल्ली दिवाळीच्या साफसफाईत हरवली आणि तेव्हापासून डबा काट्याच्या चमच्याने उघडतो. किल्ली हवीच कशाला, असे मी म्हणत होते. पण बाटलीचा डबा नुसत्या खटक्याने उघडतो, आणि बाजाराच्या दिवशी त्यातली भरलेली बाटली कोणीतरी काढून नेली, तेव्हा मी गप्प बसले.

कचऱ्याच्या बाबतीत बाटलीच उजवी ठरते. रिकाम्या बाटल्या भंगारवाला किलोवर घेऊन जातो. पिशवीला तो हात लावत नाही, कारण तिचे वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, आणि प्रत्येक पिशवीबरोबर धडधाकट पंप, त्यातली स्टीलची स्प्रिंगसुद्धा, घंटागाडीत जाते. महिन्याला तीन याप्रमाणे आतापर्यंत पंचवीसच्या आसपास पंप मी फेकले आहेत, आणि दर वेळी हात थोडा अडखळतो. चोच आणि पंप पिशवीपासून वेगळे काढून उकळत्या पाण्यात धुता यावेत आणि चार-पाच पिशव्यांना तरी पुरावेत, असे कोणी केले तर त्याला दहा-वीस रुपये जास्त द्यायला मी तयार आहे. पण मग धुणार कोण, असे माझ्या जाऊबाई विचारतात, आणि स्टीलच्या डब्याचा तळ आठवला की त्यांना उत्तर देता येत नाही.

फेब्रुवारीत दुसऱ्या बेसिनवरही पिशवीचाच डबा लावला, आणि या वेळी तो वीतभर खाली. बाटलीचा डबा फेकला नाही. तो आत स्वयंपाकघरातल्या मोरीवर आहे, जेथे जाऊबाई आणि मी एवढ्या दोघीच त्याला हात लावतो. बाटली बदलताना पंप गरम पाण्यात घालतो, आणि हवेचे भोक मोकळे करण्यासाठी एक पिन खिडकीच्या चौकटीला टोचून ठेवली आहे.