नाकातली नळी, पोटातली नळी की तोंडाने? पॅरालिसिसनंतर गिळता येत नसेल तेव्हा

पॅरालिसिसचा झटका आला की घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात. हात-पाय कधी हलतील, बोलायला कधी लागतील? गिळण्याचं कुणाच्या डोक्यातही नसतं. ते कळतं सिस्टर ‘तोंडाने काही देऊ नका’ म्हणतात तेव्हा. झटक्यानंतर साधारण निम्म्या लोकांना सुरुवातीला नीट गिळता येत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचं गिळणं दोन-तीन आठवड्यांत सुधारतं. बाकीच्यांच्या घरी मात्र डिस्चार्जच्या सुमारास हा निर्णय येऊन उभा राहतो. आमच्या आबांच्या वेळी तो आमच्याकडे आला, म्हणून जे कळलं ते लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. ठसका लागत नाही म्हणजे गिळता येतं, असं नाही. झटक्याने घशातली जाणीवच कमी झालेली असेल तर पाणी श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. खुणा वेगळ्याच असतात: पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा होतो, घास गालात तसाच राहतो, अधूनमधून ताप येतो, छातीत कफ साठतो. म्हणून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय काहीच ठरवू नका. बोलणं सुधारायला तेच असतात, गिळण्याचे व्यायामही तेच शिकवतात. शंका असेल तर नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेवर गिळणं प्रत्यक्ष बघता येतं.

नाकातली नळी, म्हणजे वॉर्डातली ‘आरटी’, कॉटवरच बसवता येते, भूल लागत नाही, खर्च कमी आणि कधीही काढता येते. पहिल्या काही आठवड्यांसाठी तीच योग्य, हे नुसतं माझं मत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फूड’ नावाच्या मोठ्या अभ्यासात झटका आलेल्या ३२१ रुग्णांमध्ये दोन्ही नळ्यांची तुलना झाली होती. लवकर पोटातली नळी घातलेल्यांची स्थिती पुढे चांगली नव्हती, उलट थोडी वाईटच होती. तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणी पेगची, म्हणजे पोटातल्या नळीची, घाई केली, तर कारण जरूर विचारा.

आरटीचा खरा त्रास घरी आल्यावर कळतो. नाक सोलवटतं, घसा दुखतो आणि माणूस झोपेत नळी उपसतो. आबांच्या नळीवर नाकपुडीपाशी मार्करची रेघ होती. प्रत्येक फीडच्या आधी ती रेघ जागेवर आहे का बघायचं, नळी सरकलेली वाटली तर थेंबही द्यायचा नाही. सिरिंजने हवा मारून पोटात गुडगुड ऐकायची पद्धत अजून बरेच जण शिकवतात, पण ती भरवशाची नाही. नळीतून ओढलेल्या पाण्याची आम्लता पट्टीवर तपासणं किंवा एक्स-रे, हाच खात्रीचा मार्ग. फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच. घाईघाईने सगळं एकदम ढकलायचं नाही.

पेग म्हणजे दुर्बिणीच्या मदतीने पोटाच्या कातडीतून थेट जठरात बसवलेली नळी. १९७९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये पहिल्यांदा झाली, तीही लहान मुलावर. चेहरा मोकळा राहतो, नळी सहज निघत नाही, जाड असल्यामुळे गाळलेली पेज आणि मुगाचं कढण न अडकता जातं. पण ही प्रोसिजर आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी कोणती कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतात. भोकाभोवती जंतुसंसर्ग होऊ शकतो. नळी निघाली तर भोक काही तासांतच आवळायला लागतं, तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा. पहिल्या काही आठवड्यांत तर ती घरी परत घालायचा प्रयत्न अजिबात करू नका. गिळणं परत आलं की पेग काढता येते आणि भोक आपोआप बुजतं. ‘पोटाला भोक पाडलं म्हणजे संपलंच’ असं आमच्याकडे आलेले पाव्हणे म्हणायचे, त्यात तथ्य नाही.

दोन्ही नळ्यांबद्दल एक मोठा गैरसमज आहे, की नळी घातली म्हणजे न्यूमोनियाची भीती गेली. नाही गेली. थुंकी श्वासनलिकेत जातच राहते, पोटातलं वर येऊ शकतं. म्हणून तोंडाने काही देत नसलात तरी दात आणि जीभ रोज साफ करायची. हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि सगळ्यात उपयोगी आहे.

आता तोंडाने. थेरपिस्टने हिरवा कंदील दिला असेल तरच. पातळ पाणी सगळ्यात अवघड, म्हणून थिकनर पावडर घालून दाट करतात. त्याने पाणी चुकीच्या वाटेला जायचं कमी होतं, पण दाट पाणी कुणाला आवडत नाही, माणूस कमी पितो आणि शरीर कोरडं पडतं. दिवसाचं पाणी मोजून लिहून ठेवा. आपल्या खाण्यात मऊ वरण-भात घोटून, दाट आंबील, मऊ खिमट चालू शकतं. मिसळ मात्र सगळ्यात वाईट: पातळ कट आणि कुरकुरीत फरसाण एकाच घासात, घशाने सांभाळायचं तरी काय? भडंग, कोरडी भाकरीही नको. आणि ‘वाईच चहा दे की गं’ म्हणून माणूस डोळ्यांत बघतो तेव्हा नाही म्हणणं फार जड जातं. त्यासाठी थेरपिस्टला विचारून दाट केलेल्या चहाचे दोन-चार चमचे ठरवून घ्या. चोरून दिलेल्या घोटापेक्षा ते कितीतरी बरं.

माझं मत विचाराल तर: पहिले तीन-चार आठवडे आरटी, आणि सोबत पहिल्या दिवसापासून गिळण्याचे व्यायाम. चौथ्या आठवड्यात पुन्हा तपासणी. सुधारणा दिसत असेल तर थोडं थांबा. दिसत नसेल आणि माणूस पुढे बरेच महिने नळीवर राहील असं डॉक्टरांना वाटत असेल, तर पेग. आरटी नुसती ‘राहू दे, चाललंय की’ म्हणून महिनोन्महिने ओढत नेतात, ते मला पटत नाही. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या सरकारी दवाखान्यात असा किंवा खासगीत, डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या गिळण्याच्या तपासणीची तारीख लिहून मागा.

स्मृतिभ्रंश बळावलेल्या वृद्धांचं गणित वेगळं आहे. तिथे पेगने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. हळूहळू, मायेने चमच्याने भरवणंच जास्त योग्य मानतात. आणि झटका आलेला नसताना घास छातीत अडकतो, आधी भाकरी अडकायची, आता पातळही अडकतं, वजन उतरतंय, असं असेल तर नळीचा विचारच बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात एंडोस्कोपी करून घ्या. अन्ननलिकेचा कॅन्सर असाच सुरू होऊ शकतो, तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही घालवू नये.