सोलापुरात जुनी स्कूटर घेताना: ‘सेल्फ’वर सुरू झालेली गाडी आणि माझे ६३,९८० रुपये

सोलापुरात जुनी स्कूटर घेण्यासाठी जे कोणी पैसे जमवत आहेत, त्यांनी टोकन देण्यापूर्वी हे वाचावे, एवढ्याच हेतूने लिहीत आहे. माझे एकूण ६३,९८० रुपये गेले आणि इतके होऊनही गाडी अद्याप माझ्या नावावर झालेली नाही. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पण त्यांनी मला ज्या रीतीने गुंडाळले ती रीत मात्र एकही तपशील न गाळता लिहिणार आहे.

मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. राहायला जुळे सोलापुरात, आणि सकाळची ड्युटी सातला सुरू होते. त्या वेळी बसचा भरवसा धरता येत नाही आणि रोजची रिक्षा पगाराला परवडत नाही, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये जुनी ११० सीसीची स्कूटर घ्यायचे ठरवले. डोळे झाकून घेतली असे कोणी म्हणू नये. गाडीचा नंबर वाहन पोर्टलवर टाकून पाहिला होता. नोंदणी २०१८ ची, पहिलाच मालक, विमा चालू, पीयूसी चालू, कर्जाचा बोजा नाही. अनेक वर्षे दुचाकी चालवणारे माझे धाकटे दीरही बरोबर होते. कागद सगळे खरे होते, आणि खोटे जे होते ते कागदावर दिसणारे नव्हते.

आता तो क्षण सांगते, जो आठवला की अजून माझ्या डोक्याची शीर उठते. सकाळचे नऊ वाजत होते आणि थंडी होती. विजापूर रोडच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांची रांग लागलेली होती. दुकानदार म्हणाले, “ताई, रविवारपासून हात लावलेला नाही या गाडीला, बघा आता.” त्यांच्याकडच्या पोराने किल्ली फिरवली, सेल्फचे बटण जेमतेम दाबले आणि गाडी सुरू झाली. मी मागची नंबरप्लेट पाहण्यासाठी वाकले, तेव्हा सायलेन्सरची धग पोटरीला लागली. रविवारपासून उभी असलेल्या गाडीचा सायलेन्सर गरम! मी तसे बोलूनही दाखवले. पोरगा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “उन्हात उभी होती की, ताई.” सोलापुरात लहानाचे मोठे झालेल्या माणसाला उन्हाचे कारण दिले की ते सहज पटते, आमच्याकडे दूध नासले, डोके दुखले, टायर फुटला, सगळ्याला ऊनच कारणीभूत असते. परंतु ते ऊन डिसेंबरातल्या सकाळचे होते आणि गाडी पत्र्याखाली, भिंतीच्या सावलीत होती. मी येण्याच्या अर्धा तास आधी गाडी सुरू करून, तापवून, माझी वाट पाहत ठेवलेली होती. गिऱ्हाईक बोलते तेव्हा उत्तर देण्यासाठी ज्यांनी वाक्ये आधीच घोटून ठेवलेली असतात, त्यांच्यापुढे आपल्यासारखी नोकरी करणारी माणसे काय टिकणार? एवढे मात्र पक्के लक्षात ठेवा: गाडी पाहायला जाताना फोन करून वेळ सांगू नका, आणि गेल्यावर सर्वांत आधी इंजिनाला व सायलेन्सरला हात लावून पाहा. गरम असेल तर सरळ परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जा.

व्यवहार ४७,५०० रुपयांना ठरला, नावावर करून देण्याचे २,५०० वेगळे. टोकन म्हणून २,००० आणि नंतर ३३,००० रुपये मी यूपीआयने दिले. उरलेले १५,००० “रोखच द्या ताई, हिशेबाला बरे पडते” असे म्हणून रोख घेतले, आणि पावती मात्र ३५,००० चीच लिहिली. पूर्ण रकमेची पावती ट्रान्सफर झाल्यावर देतो, असे त्यांचे म्हणणे होते. ती आजतागायत मिळालेली नाही. सोबत एक छापील कार्ड दिले: ‘इंजिन वॉरंटी तीन महिने, काम आमच्याच गॅरेजमध्ये’. या कार्डामुळेच मी निश्चिंत झाले होते. ते माझ्या संरक्षणासाठी नसून त्यांच्या संरक्षणासाठी छापलेले आहे, हे कळेपर्यंत मुदत संपलेली होती.

पहिल्याच सकाळी गाडीने हिसका दाखवला. सेल्फ फिरत राहायचा, इंजिन पकडायचे नाही. चोक ओढून, किक मारून घामाघूम झाल्यावर एकदाची सुरू व्हायची, आणि एकदा तापली की दिवसभर बटण दाबताच सुरू व्हायची. त्यामुळे गॅरेजमध्ये नेली की तिथे ती मुकाट सुरू होई आणि तिथला माणूस माझ्याकडे असा पाही की जणू दोष माझ्याच हातात आहे. “कार्बोरेटरची गाडी आहे ताई, थंडीत चोक द्यावाच लागतो,” हे त्याचे पहिले उत्तर. यात अर्धे सत्य होते, आणि म्हणूनच ते खपले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष आल्यावर नव्या स्कूटरांना फ्युएल इंजेक्शन बसू लागले. माझी त्याआधीची, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा कार्बोरेटरमध्ये मिसळून इंजिनात सोडणारी. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक देऊन मिश्रण दाट करावे लागते, हे खरेच आहे. पण चोक दिल्यावरही जी गाडी रोज ताटकळत ठेवते, तिचे दुखणे चोकचे नसते.

पुढे एकेक वस्तू बदलण्याचा सपाटा सुरू झाला. कार्बोरेटर साफ करून नवीन प्लग, ४८० रुपये. नंतर “बॅटरी उतरली आहे”, १,३५० रुपये. सकाळी इतका वेळ सेल्फ मारल्यावर बॅटरी उतरणारच. जो परिणाम होता तोच त्यांनी कारण म्हणून माझ्या माथी मारला. त्यानंतर सेल्फ मोटरचे कार्बन ब्रश, १,१५० रुपये. शेवटी “कार्बोरेटरच गेला”, २,६०० रुपये. प्रत्येक वेळी गाडी काही दिवस ठेवून घ्यायची, एक सुटा भाग बदलायचा आणि “आता चालवून बघा” म्हणायचे. वॉरंटी इंजिनावर होती. प्लग, बॅटरी, ब्रश, कार्बोरेटर यांपैकी काहीही ‘इंजिन’ या शब्दात त्यांच्या मते बसत नव्हते, म्हणून पैसे माझेच. इंजिन उघडून पाहा असे मी अनेकदा विनवले, तेव्हा “उगाच सील कशाला तोडायचे” हे उत्तर मिळाले. तीन महिने या चार कामांत पद्धतशीरपणे संपवले गेले. त्यानंतर मात्र तोच माणूस न अडखळता म्हणाला, “इंजिनाचे काम निघेल बहुतेक, पण आता वॉरंटी नाही.”

खरे निदान पूर्व भागातल्या एका वयस्क मिस्त्रींनी केले. तेलुगू वळणाच्या मराठीत ते मला प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होते. त्यांनी आधी किक हाताने सावकाश खाली दाबायला लावली. ती कुठेही न अडता पोकळ गेली. मग प्लग काढून त्या जागी इंजिनातला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. काटा हवा तितका चढला नाही. त्याच भोकातून त्यांनी चमचाभर ऑइल आत सोडले आणि पुन्हा किक मारली, तर काटा झटकन वर गेला. “रिंगा गेल्या, बाई. ऑइलने फट बुजली म्हणून प्रेशर आले,” ते म्हणाले. पिस्टनभोवतीच्या या रिंगा झिजल्या की दाब निसटतो, दाब नसला की थंड मिश्रण पेट घेत नाही. इतके साधे कारण होते ते. इंजिनातले ऑइल त्यांनी काढून दाखवले, ते मधासारखे घट्ट होते. अशा स्कूटरांना बहुधा १०डब्ल्यू-३० सारखे पातळ ऑइल लागते. जाड ऑइल भरले की काही काळ धूर आणि खडखड दोन्ही दबतात. विक्रीपूर्वी ते मुद्दाम भरलेले होते, यात मला तरी शंका नाही. बोअर, पिस्टन, रिंगा असे अर्धे इंजिन झाले, ८,४०० रुपये. त्या दिवसापासून गाडी सकाळी साडेसहाला सुरळीत सुरू होते.

त्यांच्याच सांगण्यावरून मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन जुन्या नोंदी पाहिल्या. विकताना मीटरवर १८,६४२ किलोमीटर होते. २०२२ मधल्या सर्व्हिसची नोंद ४१ हजारांच्या पुढची निघाली. ही चौकशी गाडी घेण्यापूर्वीच करा. मीटरवरचा आकडा पाहण्यापेक्षा पायदानाचे रबर, ब्रेक लिव्हर आणि किल्ली किती झिजली आहे ते पाहा. ते मागे फिरवता येत नाही.

ही नोंद दाखवली तेव्हा दुकानदारांनी सरळ हात वर केले. “जुनी गाडी आहे ताई, जशी आहे तशी घेतली तुम्ही.” पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात तसे छापलेलेही होते.

मग पोलीस. मीटर मागे फिरवून खोटा आकडा दाखवणे आणि त्या आधारे पैसे उकळणे याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक म्हणत नसतील, तर कशाला म्हणतात, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. ठाण्यातल्या अंमलदारांनी कागद न वाचताच विचारले, “गाडी मिळाली ना? मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” मी सर्व्हिसची नोंद पुढे केली, तर “मीटर त्यांनीच फिरवले कशावरून? आधीच्या मालकाने फिरवले असेल” असे उत्तर आले. ते शोधून काढणे हे तपासाचे काम नाही का? खूप विनवण्या केल्यावर अर्ज घेतला आणि तो ‘चौकशीवर’ ठेवला. पुढे खेटे घातले तर साहेब बंदोबस्ताला गेलेले, साहेब सुट्टीवर, अर्ज दुसऱ्या टेबलावर. त्या बाकावर ताटकळताना जी मान खाली घालावी लागते, ती घालण्यासारखे मी काहीही केलेले नव्हते.

परिवहन खात्याची तर बातच नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले. मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की त्याची नोंद नमुना २९-सी मध्ये करायची असते. या दुकानाकडे असे अधिकारपत्र आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. खिडकीवरच्या बाबूंनी आधी असा नियमच नाही म्हणून सांगितले, मग नियमाची प्रत दाखवल्यावर लेखी अर्ज द्या म्हणाले, आणि लेखी अर्ज दिला तर आवक शाखेने पोच द्यायला टाळाटाळ केली. नियम ग्राहकासाठी केला, तर तो ग्राहकाच्या उपयोगी पडेल अशी कोणाला तरी काळजी हवी की नको? माझे २,५०० रुपये ट्रान्सफरसाठी घेतले गेले, मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या, आणि आरसीवर अजून आधीच्या मालकाचेच नाव आहे. उद्या अपघात झाला तर माझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी मान्य करणार नाही, हा घोर मी रोज डोक्यावर घेऊन रस्त्यावर उतरते. नावावर झाल्याची नोंद पोर्टलवर दिसेपर्यंत निदान दहा हजार रुपये हातचे सोडू नका. मधला माणूस कितीही गोड बोलला तरी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. त्यांनी नम्रपणे ऐकून घेऊन क्रमांक दिला, तक्रार दुकानाकडे पाठवली, दुकानाने उत्तर दिले नाही आणि तक्रार बंद झाली.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकील लावणे सक्तीचे नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते. माझ्याकडे यूपीआयच्या नोंदी, गॅरेजची चारही बिले, वॉरंटी कार्ड, मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद आणि सर्व्हिसची नोंद आहे. रोख दिलेल्या १५,००० चा मात्र एकही पुरावा नाही, आणि दुकानदार ते घेतलेच नाहीत म्हणतात. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडताना प्रत्येक वेळी ‘सकाळी थंड असताना सुरू होत नाही’ हे शब्द जॉबकार्डावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. माझ्या चारपैकी एकाच बिलावर ते आहेत, आणि आज त्याच बिलाचा मला सर्वांत मोठा आधार आहे. ज्यांच्याकडे असेच तीन महिन्यांचे कार्ड असेल त्यांनी मुदत संपण्यापूर्वी बाहेरच्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्यावे आणि कमी निघाल्यास लगेच रजिस्टर पोस्टाने दुकानाला लेखी कळवावे. आयोगात जाण्यासाठी कायद्याने दोन वर्षे दिलेली आहेत. माझ्यासारखी ज्यांची वॉरंटी आधीच संपली आहे, त्यांनाही त्या मुदतीत तक्रार करता येते.