आजोबांची रायफल ठेवावी की वडिलांची दुनाली?

घरात वडिलोपार्जित दोन बंदुका आहेत आणि परवान्यावर जागा मात्र एकीचीच उरली आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. ग्वाल्हेरात अशी घरं थोडी नाहीत. लष्कर भागातल्या आमच्या गोठीतच, म्हणजे मोहल्ल्यातच, मला चार माहीत आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. जास्तीचं हत्यार वर्षभरात ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. वारशाने आलं म्हणून त्यातून सुटका नाही. माझ्याकडे तीन होती. धंद्यातली रोकड ने-आण करण्यासाठी घेतलेलं ३२ बोरचं (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर सोडणं शक्य नव्हतं. राहिल्या दोघी: आजोबांची ३१५ बोरची रायफल आणि वडिलांची बारा बोरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्याची बंदूक.

तेव्हा मुदत होती म्हणून मला ठरवावं लागलं. तुमच्यावर ही वेळ बहुधा वारसनोंदीच्या निमित्ताने येईल. प्रश्न तोच आहे.

आधी दुनालीची बाजू, कारण कागदावर तीच वरचढ आहे. बर्मिंगहॅमची बनावट, हातोड्याशिवायची, काडतूस भरायला मधून मोडली की बंद होताना नेमका एकच आवाज. नळ्या आतून अजून आरशासारख्या. खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं तिला चालतात, शहरातल्या दुकानांत मिळतात. रात्री-अपरात्री शेतावरच्या घरात काही झालंच तर थरथरत्या हातालाही दुनाली सांभाळून घेते. छर्रे पसरतात, नेम थोडा चुकला तरी भागतं. गोळी मैलभर पुढे कुणाच्या अंगणात जाईल ही धास्ती नसते. आणि विकायची म्हटली तर गिऱ्हाईक दारात येतं. एका विक्रेत्याने दोन्ही हातात घेऊन पाहिल्या तेव्हा रायफलीला त्याने दुनालीच्या निम्म्याहूनही कमी भाव सांगितला. तो चुकला असं मी म्हणणार नाही.

रायफल बीएसएची आहे. आमच्या पिढीला बीएसए म्हटलं की सायकल आठवते. त्या कंपनीची खूण मात्र एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींची. ३१५ हा बोर इंग्रजी अमलाची देणगी. फौजेचा ३०३ खासगी हातात पडू नये म्हणून शिकाऱ्यांसाठी हा वेगळा ठेवला. आजही त्याची काडतुसं सरकारी कारखान्यात बनतात, म्हणून ही रायफल निदान मुकी पडलेली नाही. ४२३ माउजरसारख्या जुन्या बोरांच्या मालकांना विचारा, काडतुसासाठी काय वणवण करावी लागते ते.

पण तिची नळी झिजली आहे. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या सरी उथळ झाल्या आहेत. शंभर यार्डांवर आजोबा जिथे टिचभर जागेत तीन गोळ्या बसवत, तिथे आता वीतभर जागा लागते. दस्त्याच्या, म्हणजे लाकडी कुंद्याच्या, मानेला तडा आहे. आणि ज्या कामासाठी ती घडली ते काम १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संपवलं, ते योग्यच झालं. माझ्या लहानपणी आजोबा मोहन्याच्या जंगलातले शिकारीचे ब्लॉक, परवाने, हाका (जनावर हाकलत मचाणाकडे आणणं) यांच्या गोष्टी सांगत. शिवपुरीत ग्वाल्हेरच्या माधव महाराज शिंद्यांच्या काळी वाघांसाठी राखलेलं रान आज माधव व्याघ्र प्रकल्प आहे, २०२५ मध्ये त्याला तो दर्जा मिळाला. तिथे वाघ पुन्हा आणून सोडले याचा मला मनापासून आनंद आहे, आणि आजोबांनाही झाला असता. शेवटी शेवटी ते म्हणत, ‘आम्ही मोजलं नाही रे, संपेल असं वाटलंच नाही.’ तेव्हा शिकारीची रायफल जपायची म्हणजे शिकारीचा अभिमान मिरवायचा, असा अर्थ माझ्या घरात तरी होत नाही.

उपयोग, भाव, अवस्था या तिन्ही गोष्टींत दुनाली पुढे. मीही मनात दुनालीच धरली होती. बायकोला तसं सांगूनही टाकलं होतं.

मग जून २०१९ ची गोष्ट आठवली.

आपल्याकडे निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा होतात. विधानसभा, लोकसभा, नगरपालिका, पंचायत. एक संपत नाही तो दुसरी. ही कटकट तुम्हाला ठाऊक आहे. बंदुका मालखान्यात एकमेकींना टेकून महिनोन्‌महिने उभ्या राहतात, ओल धरतात, दस्त्यांना चरे पडतात, पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या सुतळीतून सुटतात. लोकसभेचा निकाल लागल्यावर मी सोडवायला गेलो. सकाळी दहाला रांगेत उभा राहिलो, दुपारी दीडला खिडकीशी पोचलो. परवान्याची वही नोंदीसाठी आतल्या खोलीत गेली होती आणि चिठ्ठ्या नेमक्या आमच्याच गळून पडल्या होत्या. शिपाई भला माणूस. म्हणाला, ‘बाबूजी, किताब आती रहेगी। आप पहचान बताइए, मैं निकालके रखता हूँ।’

आधी दुनाली. मी म्हणालो, दोन नळ्या, अक्रोडाचा दस्ता, पट्टा नाही. आत तशा तीसेक होत्या. त्याने पुन्हा विचारलं, कुठे काही निशाणी? तेवीस वर्षं माझ्या नावावर असलेली, दर दिवाळीला मीच तेल-पाणी केलेली बंदूक, आणि मला एक खूण सांगता येईना. वही येईपर्यंत, म्हणजे आणखी पाऊण तास, ती आतच राहिली. नंबर जुळवून मिळाली. ती माझीच होती यात शंका नाही, पण हातात घेतल्यावर ‘हीच ती’ असं काही आतून आलं नाही. मला त्या दिवशी उन्हाचा, रांगेचा, सगळ्याचाच राग आला होता. पण घरी येऊन पाणी प्यायलो तेव्हा कळलं की सलत होतं ते हेच.

रायफलीचं उलट झालं. मी बोलत गेलो आणि तो आत शोधत गेला. मानेवर पितळी तारेचे सात वेढे: आजोबा मचाणावरून उतरताना दोर तुटला, रायफल दगडावर आपटली, आणि सराफ्यातल्या एका कारागिराने ती तार इतकी घट्ट ओढून बांधली की साठ वर्षांत वेढा हललेला नाही. नेम धरायची पुढची माशी जिथे बसते त्या खाचेत पांढरा कण: सांजेच्या उजेडात माशी दिसावी म्हणून आजोबा पानाचा चुना बोटाने लावत. काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टच्या मुठीवरचा काळा रंग एकाच बाजूने गेलेला. आणि दस्त्याच्या टोकाला दोन बोटं आत एक आडवी सांध.

ही सांध माझ्या आत्याची. ती कॉलेजात असताना आजोबा तिला बरोबर नेऊ लागले. तिला दस्ता लांब पडे, खांद्याऐवजी काखेत बसे, आणि धक्क्याने दंड काळानिळा होई. मग आजोबांनी सुताराला बोलावून विलायती अक्रोडाच्या दस्त्याची दोन बोटांची चकती सरळ कापून घेतली. आजीने दोन दिवस अबोला धरला म्हणतात. चकती मात्र त्यांनी तांदळाच्या डब्याशेजारी कापडात गुंडाळून ठेवली. आत्या लग्न होऊन बडोद्याला गेली त्या आठवड्यात त्यांनी ती दोन स्क्रूंनी पुन्हा बसवली. लाकडाचा रंग आता जुळत नाही. चकती अंधारात राहिली, दस्ता हातात राहिला. चकती फिकट, दस्ता गडद. बोट फिरवलं तर सांध लागते.

पाच मिनिटांत शिपाई रायफल घेऊन बाहेर आला. म्हणाला, ‘यही होगी, इसमें तो पूरा खानदान बैठा है।’

हे वाचून कुणी म्हणेल की दुनालीलाही इतिहास असेलच. आहे. पण कसा, ते सांगतो. वडील ती लग्नकार्यात घेऊन जात, वरातीत दोन बार काढत. तेव्हा रीतच होती. (२०१९ च्या दुरुस्तीने त्यालाही शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, तेव्हा आजही कुणी गळ घातली तर स्पष्ट नाही म्हणा.) ती सगळ्या गोठीच्या लग्नांची होती. तिच्यापाशी उभं राहून आठवण काढावी असं एकही लग्न मला सापडत नाही. कदाचित तुमच्या घरी नेमकं उलट असेल. तुमच्या दुनालीच्या कुंद्यावर कुणाचं नाव कोरलं असेल, तर माझा सगळा हिशोब तुमच्यासाठी उलटा धरा.

दुनाली विक्रेत्याकडे जमा करून मी काही गमावलं हे नाकारत नाही. पैसे बऱ्यापैकी मिळाले, पण पहिल्या पावसाळ्यात शेतावर एकटा झोपताना तिची आठवण आली. रिव्हॉल्व्हरने ती भीती जात नाही. संरक्षण हाच तुमचा पहिला हेतू असेल, शेतावर वस्ती असेल, तर मी तरी दुनालीच सुचवीन. तसं नसेल तर ठरवण्याआधी एक करून पाहा: दोन्ही कपाटात ठेवा, कुलूप लावा, आणि घरातल्या प्रत्येकाला न बघता खुणा लिहायला सांगा. आमच्याकडे मी हे नंतर केलं. दुनालीच्या कागदावर कुणी अर्धी ओळसुद्धा लिहिली नाही.

रायफल ठेवलीत तर दोन गोष्टी. एक, कुणी हौसेने दस्ता घासून पॉलिश करून देतो म्हणाला तर देऊ नका. माझ्या ओळखीच्या घरात तसं झालं. बंदूक देखणी झाली आणि नुसती बंदूक झाली. दुसरी गोष्ट नळीची. जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळीत राहिले तर ते हवेतली ओल ओढून गंज धरतात. आजोबा प्रत्येक बारानंतर नरसाळ्याने उकळतं पाणी ओतत, मग कोरडं फडकं, मग तेल. आजीने त्यासाठी वेगळी किटली ठेवली होती, तिच्यात चहा कधी झाला नाही. ती किटली अजून आहे.

वारसाचं म्हणाल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. माझी पंचवीस वर्षं झाली आहेत. अर्ज मुलीच्या नावे करतो आहे. रायफलीसाठी तिच्या कागदावर पाच खुणा होत्या, माझ्या चारच. पाचवी होती पट्ट्याच्या कडीजवळची एक बारीक खाच. ती कशाची हे मला माहीत नव्हतं. तिने बडोद्याला फोन लावून आत्याला विचारलं. आत्याने सांगितलं, ‘ती मीच पाडली. दादांना सांगितलं नव्हतं.’