ब्लूग्रासच्या दोन नव्या वाटा: पंच ब्रदर्स आणि बिली स्ट्रिंग्ज

अमेरिकन वादक बिल मन्रो यांनी १९४०च्या दशकात घडवलेल्या ब्लूग्रास या तंतुवाद्यप्रधान संगीतशैलीमध्ये सहसा ड्रम नसतो. मँडोलिन या छोट्या तंतुवाद्याच्या तारांवर आघात करून बोटे लगेच सैल सोडली की जो तुटक ‘चॉप’ उमटतो, तोच ठेका धरतो. पंच ब्रदर्स या वाद्यवृंदाचे वादक मँडोलिन, फिडल (व्हायोलिन), बँजो, गिटार आणि डबल बेस हा जुना संच कायम ठेवून बदल रचनेतच करतात: २००८च्या अल्बमात त्यांनी सुमारे ४० मिनिटांची चार भागांची रचना वाजवली आणि पुढे फ्रेंच संगीतकार देब्युसीचे पाश्चात्त्य अभिजात संगीतही याच वाद्यांवर उतरवले. अमेरिकेतील मिशिगनचे गिटारवादक बिली स्ट्रिंग्ज मात्र पारंपरिक चाल धरून ठेवतात आणि पायाखालच्या इफेक्ट पेडलने गिटारचा नाद रॉकसारखा पसरवत त्या चालीचा दीर्घ विस्तार करतात. मला पहिली वाट अधिक अवघड, म्हणूनच अधिक मोलाची वाटते.