एसीएलएसचं अभ्यास-साहित्य: काही महिने वापरून झाल्यावर, आणि अर्ध्या मिलिग्रॅमचं भांडण

क्वेश्चन बँकेची सबस्क्रिप्शन संपत आली आहे, त्यामुळे 'रिन्यू करा' असे मेसेज रोज येताहेत. त्याच ॲपच्या सपोर्टशी माझा वाद मात्र अजून मिटलेला नाही. म्हणून राग ताजा आहे तोवर लिहून टाकते. एसीएलएस म्हणजे हृदय बंद पडलं किंवा त्याची लय बिघडली की करायच्या प्रगत उपचारांचा कोर्स, आणि मेगाकोड म्हणजे त्यातली नकली पेशंटवरची परीक्षा; याहून जास्त सांगत बसत नाही. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा कोर्स एकदा तरी झालेला असेल, उरलेल्यांची तारीख लागलेली असेल.

मी वापरलं ते असं: अमेरिकन हार्ट असोसिएशनचं (एएचए) प्रोव्हायडर मॅन्युअल, कोर्सआधीची ऑनलाइन सेल्फ-असेसमेंट, पैसे भरून घेतलेली ही क्वेश्चन बँक, वॉर्डात हातोहात फिरणाऱ्या नोट्स, फुकटचे मेगाकोड व्हिडिओ आणि मोबाइलमधला मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टकटक करणारा). यातलं सगळ्यात जास्त वापरलेलं म्हणजे क्वेश्चन बँकेचं ॲप आणि सगळ्यात जास्त चिडवलंय तेही त्यानेच.

ॲप टाकाऊ नाही, हे आधीच कबूल. प्रश्न भरपूर आहेत आणि बहुतेक केसच्या रूपात आहेत. पेशंट असा आला, मॉनिटरवर हे दिसतंय, पुढे काय? उत्तर चुकलं की कारण लिहिलेलं असतं. नाइट ड्यूटीत अधेमधे सापडलेल्या दहा मिनिटांत चार-पाच प्रश्न होऊन जातात, आणि एवढ्याशा वेळात मॅन्युअल उघडायची इच्छा कुणाला होते?

आता ब्रॅडिकार्डियाचा तो प्रश्न. नाडी मंद, बीपी पडलेलं, पेशंट गुंगीत. पहिलं औषध ॲट्रोपिन, इथवर ठीक. डोस विचारला तेव्हा मी 1 मिग्रॅ निवडलं. लाल फुली! 'बरोबर उत्तर 0.5 मिग्रॅ, दर 3 ते 5 मिनिटांनी, एकूण 3 मिग्रॅपर्यंत.' एएचएच्या 2015च्या मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत हे बरोबरच होतं. 2020मध्ये एका वेळचा डोस 1 मिग्रॅ झाला, एकूण मर्यादा 3 मिग्रॅच राहिली. त्याच पानावर डोपामिनचा ड्रिप 2 ते 20 ऐवजी 5 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट झाला. ॲपने तिथेही 2 ते 20 ठेवलंय. आणि उघडल्या उघडल्या पहिल्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'अद्ययावत' लिहिलेलं.

शेकडो प्रश्नांतला हा एक प्रश्न, सोडून दे, असं मैत्रिणीने सांगितलं. मला सोडवेना. या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं म्हणून फुली खोटी आहे हे कळलं. जिथे मला माहीत नाही तिथे या ॲपच्या हिरव्या खुणेवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? फुकटच्या ॲपला मी हे माफ केलं असतं. याचे मी मॅन्युअलच्या किमतीपेक्षा जास्त पैसे भरलेत.

त्या दिवसापासून हाताला मिळेल त्या साहित्याचं वय काढायचा मला नादच लागला. ॲम्प्यूलवर एक्सपायरी छापलेली असते, नोट्सवर नसते. पण औषधांवरून ती काढता येते. असिस्टोल (मॉनिटरवर सपाट रेघ) किंवा पीईएमध्ये (रेघेवर ठोके, पण नाडी नाही) ॲट्रोपिन द्यायला सांगितलं असेल तर ते 2010च्या आधीचं. ॲरेस्टमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर, व्हॅसोप्रेसिन 40 युनिट्स असतील तर 2015च्या आधीचं. कंप्रेशनचा (छाती दाबण्याचा) वेग मिनिटाला 'किमान 100' एवढाच लिहिला असेल आणि वरची 120ची मर्यादा नसेल, तरी तेच. ब्रॅडिकार्डियात 0.5 मिग्रॅ असेल तर 2020च्या आधीचं. आमच्या वॉर्डातल्या नोट्स, ज्यांची झेरॉक्स काढून काढून अक्षरं पुसट झालीत, त्यात तर एकाच पानावर दोन वेगवेगळी वर्षं नांदताहेत. छातीत दुखणाऱ्या प्रत्येकाला ऑक्सिजन लावा, असंही त्यात आहे. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 90 टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि धाप नसेल तर तो सरसकट लावायचा नाही, हा नियम येऊनही आता बरीच वर्षं झालीत. तरी त्या नोट्स फिरताहेत, कारण अक्षर सुंदर आहे आणि फुकट आहेत.

सपोर्टला लिहिलं. आधी यंत्राचं उत्तर आलं, मग माणसाचं: आमचा मजकूर तज्ज्ञांनी तपासलेला आहे आणि अनेक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत हाच डोस आहे.

इथे मला जरा थांबावं लागलं, कारण दुसरं वाक्य खोटं नाही. युरोपियन रिससिटेशन कौन्सिलच्या 2021च्या मार्गदर्शक तत्त्वांत ब्रॅडिकार्डियासाठी ॲट्रोपिन 500 मायक्रोग्रॅम आहे, तेच पुन्हा पुन्हा देत एकूण 3 मिग्रॅपर्यंत. म्हणजे अर्धा मिलिग्रॅम हा जुन्या काळाचाच नव्हे, दुसऱ्या घराण्याचाही डोस आहे. तेवढ्यापुरता माझा राग निवळला. मग त्याच ॲपमधला व्हीएफचा (हृदय नुसतं थरथरतं आणि शॉक द्यावा लागतो, त्याचा) प्रश्न उघडला. तिथे एपिनेफ्रिन दुसऱ्या शॉकनंतर दिलंय. ही एएचएची पद्धत. युरोपियन पद्धतीत ॲड्रेनलिन (म्हणजे एपिनेफ्रिनच) 1 मिग्रॅ आणि अमिओडॅरोन 300 मिग्रॅ दोन्ही तिसऱ्या शॉकनंतर येतात. म्हणजे ब्रॅडिकार्डियाला युरोप आणि ॲरेस्टला अमेरिका! दोन्ही पद्धती आपापल्या जागी शहाण्या माणसांनी ठरवलेल्या आहेत, पण परीक्षेला बसताना अर्धी ही आणि अर्धी ती घेऊन बसता येत नाही. हे सगळं मी सपोर्टला सविस्तर लिहून पाठवलं. त्यावर आलेलं उत्तर: 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.'

आता मॅन्युअल. पहिल्या वाचनात मला ते लांबण लावणारं वाटलं होतं. टीमवर्कची पानं तर मी सरळ उलटली होती. कोण कंप्रेशन करणार, कोण एअरवे बघणार, मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर कुणाकडे, औषधं कोण देणार, वेळ कोण नोंदवणार आणि लीडर कोण, असल्या सहा भूमिका सांगायला एवढी पानं कशाला? मेगाकोडमध्ये लीडर म्हणून उभी राहिल्यावर कळलं की डोस पाठ असणं ही त्यातली सोपी बाजू. 'एपिनेफ्रिन 1 मिग्रॅ द्या' म्हटल्यावर समोरून 'एपिनेफ्रिन 1 मिग्रॅ दिलं' असं परत ऐकू येईपर्यंत काम झालं असं धरायचं नाही, दोन मिनिटं संपायच्या आधी पुढचा कंप्रेशनवाला तयार ठेवायचा, रिदम (हृदयाची लय) बघायला 10 सेकंदांपेक्षा जास्त हात थांबू द्यायचे नाहीत, आणि हे सगळं मोठ्याने बोलत करायचं. यातलं काहीही क्वेश्चन बँक शिकवत नाही, शिकवूही शकत नाही. त्यामुळे मॅन्युअलबद्दलचं मत बदललं. ती पानं आता मला सगळ्यात उपयोगी वाटतात. आमच्याकडे खऱ्या कोडच्या (ॲरेस्टच्या) वेळी गोंधळ होतो तो डोसवरून कमी, आणि एकाच वेळी तिघांनी सूचना दिल्यामुळे जास्त.

मॅन्युअल ईसीजी मुळापासून शिकवत नाही, हे मात्र नवख्यांनी लक्षात ठेवावं. रिदम ओळखणं, मुख्य औषधं आणि बीएलएस (मूलभूत जीवरक्षण) येतं असं गृहीत धरूनच ते पुढे जातं. ते येतं की नाही हे सेल्फ-असेसमेंट सांगते: रिदम, औषधं आणि केसेस, 70 टक्के हवेत, आणि पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा देता येते. आधी ती द्यावी आणि मगच ठरवावं की आणखी काही विकत घ्यायचं आहे का. मला रिदममध्ये दुसऱ्या डिग्रीच्या ब्लॉकचे (वरच्या कप्प्यांचा काही वेळा संदेश खाली पोचतच नाही) दोन प्रकार नेहमी घोळात टाकायचे. पीआर (हा संदेश खाली पोचायला लागणारा वेळ) वाढत वाढत एक ठोका गळला तर पहिला प्रकार, पीआर तेवढाच राहून अचानक गळला तर दुसरा. हे कळायला ॲपची फ्लॅशकार्डं खरंच उपयोगी पडली, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. शिवाय दुसऱ्या प्रकारात आणि रुंद क्यूआरएसच्या (ईसीजीवरचा टोकदार भाग) संपूर्ण ब्लॉकमध्ये ॲट्रोपिनवर भिस्त ठेवू नका, पेसिंगला (यंत्राने ठोके देण्याला) उशीर करू नका, हेही कार्डाच्या मागे नीट लिहिलंय. ज्या ॲट्रोपिनचा डोस चुकवला त्याच ॲट्रोपिनची मर्यादा इतकी छान समजावलीय की मला कळेना, कौतुक करू की तक्रार.

पण फ्लॅशकार्डातला रिदम स्थिर असतो. हवं तितका वेळ बघा, चौकोन मोजा. मॉनिटरवरची रेघ पुढे सरकत असते आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असतात. शिवाय पीईएचं चित्र काढताच येत नाही. कार्डावर सुरेख सायनस (नेहमीचा) रिदम छापलेला असतो, आणि पेशंटच्या मानेवर बोटं ठेवल्याशिवाय ते काय आहे हे कुणालाही सांगता येणार नाही. ॲपमध्ये या रिदमचं उत्तर प्रत्येक वेळी 'नॉर्मल सायनस' असल्यामुळे तेच तोंडात बसतं. याला उपाय म्हणून मी फुकटचे व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे, दर थोड्या वेळाने थांबवून 'नाडी आहे का?' असं स्वतःलाच मोठ्याने विचारायचे आणि पुढची सूचना बोलून दाखवायचे. घरच्यांना वेड लागल्यासारखं वाटलं असेल, पण मेगाकोडमध्ये तोंड उघडलं ते या सरावामुळे. मेट्रोनोमबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. 110वर लावा, उशीवर हात चालवा. खोली कळत नाही, वेग कळतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मध्ये दोन गोष्टी घडल्या.

एक म्हणजे कंपनीने तो प्रश्न दुरुस्त केला. उत्तर आता 1 मिग्रॅ आहे. मी आनंदाने खालचं स्पष्टीकरण उघडलं. त्यात अजून लिहिलंय की हा डोस जास्तीत जास्त सहा वेळा देता येतो. 3 मिग्रॅच्या मर्यादेत 1 मिग्रॅ सहा वेळा कसा बसतो, हे मी त्यांना विचारलंय. म्हणजे कुणीतरी एक आकडा बदलला आणि खालचं वाक्य वाचलंसुद्धा नाही. डोपामिन अजून 2 ते 20च. मला वाटतं तक्रार ज्या प्रश्नाची येते तोच उघडायचा, अशी यांची पद्धत असावी.

दुसरं, ऑक्टोबर 2025 मध्ये एएचएची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. माझा कोर्स 2020च्या आवृत्तीवर झालेला, त्यामुळे धाकधूक होती. ॲट्रोपिन 1 मिग्रॅच राहिलंय. हॉस्पिटलातल्या आणि बाहेरच्या ॲरेस्टसाठी जीव वाचवण्याच्या टप्प्यांच्या वेगवेगळ्या साखळ्या होत्या, त्यांच्या जागी आता सगळ्यांसाठी एकच 'चेन ऑफ सर्व्हायव्हल' आहे. एट्रियल फिब्रिलेशनच्या (वरचे कप्पे थरथरतात) सिंक्रोनाइज्ड कार्डिओव्हर्जनला (ठोक्याशी जुळवून दिलेल्या शॉकला) बायफेजिक मशीनवर सुरुवातच किमान 200 ज्यूलने करणं योग्य म्हटलंय; जुन्या तक्त्यांत 120 ते 200 असायचं. म्हणजे साहित्याचं वय काढायला आणखी एक खूण मिळाली. ॲपने साखळीचं चित्र तेवढं बदललं, हिरवा शिक्का जरा मोठा केला आणि ज्यूलला हात लावलेला नाही.

मूळ मार्गदर्शक तत्त्वं आणि अल्गोरिदमचे तक्ते एएचए स्वतःच इंटरनेटवर फुकट ठेवतं, हे पैसे भरायच्या आधी मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. ते तक्ते छापून ड्यूटी रूमच्या कपाटाला आतून चिकटवलेत. गेल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं साहित्य तेच आहे, आणि त्याला सबस्क्रिप्शन लागत नाही. कोर्सचं कार्ड (प्रमाणपत्र) दोन वर्षं चालतं. या काळात विसरतं ते नेमकं तक्त्यातलंच, विशेषतः पाच एच आणि पाच टी, म्हणजे ॲरेस्टच्या उलटवता येणाऱ्या कारणांची यादी. मला अजूनही टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त किंवा पाणी साचून येणारा दाब) सगळ्यात शेवटी आठवतं.

रिन्यू करणार नाही. ज्यांचा पहिलाच कोर्स आहे आणि ईसीजी कच्चा आहे, त्यांनी अशी एखादी क्वेश्चन बँक महिन्याभरासाठी घ्यायला हरकत नाही, पण आधी फुकटच्या नमुन्यात ब्रॅडिकार्डियाचा प्रश्न शोधून बघा आणि मगच पैसे भरायला बँकेच्या कार्डाचा नंबर टाका. कोर्सचं कार्ड रिन्यू करणाऱ्यांना मॅन्युअल आणि सेल्फ-असेसमेंट पुरे. मॅन्युअल मात्र चालू आवृत्तीचंच आणि स्वतःचं हवं. कोर्सला ते जवळ असावं लागतं, आणि लेखी परीक्षा ओपन रिसोर्स असल्यामुळे तिथे ते उघडताही येतं. पास व्हायला 84 टक्के लागतात, त्यामुळे कुठलं प्रकरण कुठे आहे हे बोटांना माहीत असू द्या. ओपन रिसोर्स म्हणजे शेजाऱ्याला विचारणं नव्हे. ई-बुक घेणार असाल तर आदल्या दिवशी इंटरनेट बंद करून ते उघडतं का ते बघा. वर्गात रेंज असेलच असं नाही.