किनाऱ्यावरच्या घरगुती वर्कशॉपला स्प्लिट एसी की डिह्युमिडिफायर?

मावसभावाने गुहागरला मागच्या पडवीत सुतारकामाची खोली काढलीय. दहा बाय बारा, जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. परवा फोन आला, "दादा, दीड टनाचा हॉट अँड कोल्ड स्प्लिट बघून ठेवलाय, ऑफर रविवारपर्यंतच आहे. घेऊन टाकू?" मी म्हटलं, थांब. वेंगुर्ल्यात अशाच खोलीत मी सात वर्षं रंधा मारतोय, त्यातली पहिली तीन चुका करण्यात गेली. त्याला सांगितलं तेच इथे मांडतो.

आधी त्या "हॉट"चा निकाल लावू. किनाऱ्यावर थंडीच्या पहाटेही पारा सहसा पंधरा-सोळाच्या खाली उतरत नाही. दापोलीच्या बाजूला कधीकधी उतरतो, पण तिथेही सकाळी नऊ वाजता स्वेटर काढायची वेळ येते. गरम हवेसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. साधा कूलिंगवाला घ्या.

आता खरा प्रश्न. आपल्याकडे वर्कशॉपचा शत्रू उकाडा नाही, दमटपणा आहे. उकाड्याचा त्रास आपल्याला होतो, दमटपणाचा लाकडाला आणि हत्यारांना. जुलैत हवेतला दमटपणा 85-90 टक्के असतो. अशा हवेत उघडं ठेवलेलं लाकूड हळूहळू 18 ते 20 टक्के ओलावा धरतं. तीच खोली 60 टक्क्यांवर राखली तर ओलावा 11 टक्क्यांच्या आसपास थांबतो. या फरकाचा अर्थ मला एका चौरंगाने शिकवला. फणसाचा, खाली छोटा खण असलेला, गणपतीसाठी श्रावणात बनवला. खण अगदी नेटका बसला म्हणून मी खूश. शिमग्याला बघतो तर खण नुसता खुळखुळतोय आणि वरच्या फळीच्या जोडात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. उलटंही होतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला खण श्रावणात दोन्ही हातांनी ओढला तरी हलत नाही. हत्यारांचं तर विचारूच नका. पटाशीच्या पात्याला रात्री बोट लागलं की सकाळी त्या जागी बोटाचा नारिंगी ठसा.

हा दमटपणा काढायला डिह्युमिडिफायर असतो, म्हणजे हवेतला ओलावा ओढून त्याचं पाणी टाकीत जमवणारं मशीन. पण मग स्प्लिटही हवा कोरडी करतोच की, असं भाऊ म्हणाला. करतो, पण कधी, ते बघा.

एप्रिल-मे महिन्यात बाहेर 33-34 असताना कॉम्प्रेसर जोरात चालतो, आतल्या युनिटमधलं नळ्यांचं वेटोळं, म्हणजे कॉइल, गार राहते, तिच्यावर पाणी जमून नळीवाटे बाहेर जातं. खोली थंडही होते आणि कोरडीही. या दोन महिन्यांत स्प्लिटला तोड नाही. डिह्युमिडिफायर याच महिन्यांत छळतो, कारण तो खाल्लेली सगळी वीज उष्णता बनवून खोलीतच सोडतो आणि वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता त्यात वर. मे महिन्याच्या दुपारी बंद खोलीत तो लावून पॉलिशपेपर घासून बघा, दहा मिनिटांत दार उघडाल.

पावसात मात्र पारडं फिरतं. जुलैत बाहेरच 26-27 असतं. एसी 2020 पासून 24 अंशांवर सेट होऊनच येतात. म्हणजे त्याला दोन-तीन अंशच खाली यायचं असतं. ते थोड्या वेळात होतं आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसर मंदावतो. कॉइल पुरेशी गार राहिली नाही की पाणी ओढणं जवळजवळ थांबतं. खोली थंड, पण हवा ओली, एखाद्या तळघरासारखी. ड्राय मोडवर थोडा फरक पडतो, पण थंडी वाजायला लागते. एसी गरजेपेक्षा मोठा असेल तर हे दुखणं वाढतं. म्हणून दहा बाय बाराला दीड टन नको, एक टन घ्या. डिह्युमिडिफायर मात्र याच हवेसाठी जन्मलेला. डब्यावरचा "दिवसाला 20 लिटर" हा आकडा बहुधा 30 अंश आणि 80 टक्के दमटपणात मोजलेला असतो, म्हणजे जवळपास आपलाच पावसाळा. त्याची उष्णताही इथे कामी येते: 26 अंशांची 90 टक्के दमट हवा नुसती 29 अंशांवर नेली तरी दमटपणा 75 टक्क्यांच्या आसपास येतो. पूर्वी लोक कपाटात साठचा बल्ब लावून ठेवत, त्यामागचं कारण हेच. हत्यारांच्या कपाटात मी अजून लावतो. एलईडीने ते काम होत नाही.

पण भावाची अडचण या दोन्हींच्या आधीची आहे: कौलं. कौलांच्या फटींतून वारा खेळतो म्हणून तर आपली घरं राहण्याजोगी असतात. तिथे एसी लावणं म्हणजे गळक्या कळशीत पाणी भरणं, आणि डिह्युमिडिफायर तर अख्ख्या अरबी समुद्राची हवा कोरडी करत बसेल. आधी खाली छत मारून वर थर्माकोल किंवा ग्लासवूल, मग दाराखालची फट आणि खिडक्यांना रबरी पट्टी. हे होणार नसेल तर मशीनचे पैसे वाचवा, बल्ब आणि हत्यारांना तेल एवढ्यावर भागवा.

स्प्लिट ठरलाच तर खरेदीपेक्षा बसवण्याकडे जास्त लक्ष द्या. माझा पहिला स्प्लिट मी भिंतीबाहेर पश्चिमेला लावायला निघालो होतो, कारण नळी तिकडून जवळ पडत होती. शेजारच्या मेकॅनिकने बघितलं आणि एवढंच म्हणाला, "काका, हय लावलात तर दोन पावसात पत्रो कुजतलो." खारा वारा आणि पाऊस दोन्ही पश्चिमेकडून येतात. बाहेरचं युनिट घराच्या पूर्वेला न्या, नळी थोडी जास्त लागली तरी. कॉइल तांब्याची आणि तिच्यावरच्या बारीक पत्र्यांना गंज रोखणारा निळा थर असलेली घ्या, आणि पावसाळा सोडून दर महिन्याला गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा.

जांभ्याची गंमत वेगळीच. दगड सच्छिद्र आणि मऊ, फास्टनर (भिंतीत ठोकून आवळायचा बोल्ट) आत धरतच नाही, गरगर फिरतो. ब्रॅकेट लावायचं तर आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी द्या, नाहीतर सरळ जमिनीवर फूटभर उंच चौथरा करा. माझं युनिट चौथऱ्यावर आहे. नळीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडून घ्या. माझं पहिलं भोक सपाट पाडलं गेलं आणि जूनच्या पहिल्या झडीत पाणी त्यातून आत येऊन थेट सागाच्या फळ्यांच्या थप्पीवर ठिबकलं. भोक पाडणाऱ्या त्याच फिटरने नळीतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप न लावता "गॅसनेच हवा काढतो" म्हणून काम उरकलं. पुढच्या उन्हाळ्यात कूलिंग निम्मं. व्हॅक्यूम पंप घेऊन येणार का, हे फोनवरच विचारा. डिह्युमिडिफायरला यातलं काही नाही. प्लग लावा आणि टाकीला सतत निचऱ्याची नळी जोडा, नाहीतर तीन-चार तासांत टाकी भरून मशीन गप्प बसेल.

भुसा दोघांचाही वैरी. स्प्लिटच्या जाळीतून सुटलेला बारीक भुसा ओल्या कॉइलवर आणि पंख्यावर जाऊन त्याची लापशी होते, निचरा तुंबतो आणि पाणी खाली टपकतं. आतलं युनिट करवतीच्या समोरच्या भिंतीला लावू नका, आणि जाळी दर आठवड्याला धुवा. डिह्युमिडिफायर निदान उचलून बाहेर नेता येतो. मी कापाकापीच्या दिवशी तो बंद करून वर चादर टाकतो. थिनर आणि स्प्रे मात्र बंद खोलीत कधीच नको, मग मशीन कुठलंही असो. पण पावसात पॉलिशवर पांढरी झाक येते, ती दमटपणामुळेच. म्हणून डबा उघडण्याआधी फर्निचर दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा आणि स्प्रे पाऊस उघडलेल्या दुपारी पडवीत करा.

लाईटचं गणित विसरू नका. एक टनाचा स्प्लिट भर जोरात साधारण एक किलोवॉट ओढतो, डिह्युमिडिफायर त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. स्प्लिटला स्वतंत्र लाईन आणि चांगलं अर्थिंग लागतं, आणि जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उन्हाळ्यात अर्थिंग सुकतं, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. लाईट जाऊन आली की बहुतेक एसी आपोआप सुरू होतात. काही डिह्युमिडिफायर होत नाहीत, हे दुकानात प्लग काढून-लावून तपासा. विजा कडकडायला लागल्या की एमसीबी पाडा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. तशा वेळी दोन्ही मशीनं सारखीच निकामी.

विंडो एसी स्वस्त, तालुक्याला कुणीही दुरुस्त करेल, पण भिंतीत मोठं भोक आणि करवतीशी स्पर्धा करणारा आवाज. चाकांवरचा पोर्टेबल एसी एकाच नळीने आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच ओली हवा फटींतून आत ओढतो, नकोच. कूलरचं नावही काढू नका.

भावाला शेवटी सांगितलं ते असं. गणपतीआधी मखर, पाट, चौरंग करायचे आणि मे महिन्यात कौलाखाली बसायचंच नाही, तर डिह्युमिडिफायर घे. वर्षभर रोज चार-पाच तास बसणार असशील, तर छत मारून एक टनाचा स्प्लिट, आणि पुढच्या पावसाआधी छोटा डिह्युमिडिफायर. माझ्याकडे आता दोन्ही आहेत. जून ते सप्टेंबर स्प्लिटचा रिमोट खणातच असतो. दोन्हींच्या आधी काही शे रुपयांचा हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचं यंत्र, आणून कपाटाजवळ टांग आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून ठेव. ऑफर काय, पुन्हा येतेच.