सूर्योदयाचा आठवणीतला रंग : फोनची जेपेग की रॉ फाइल?

बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या तटावरून जानेवारीतील सूर्योदय टिपून घरी आल्यावर छायाचित्र पाहताना बहुतेकांची निराशा होते, कारण डोळ्यांनी पाहिलेला रंग त्यात उतरलेला नसतो. मग प्रश्न पडतो तो दुरुस्तीचा. फोनने तयार करून दिलेली जेपेग फाइल मोबाइलवरच सुधारावी, की रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद, घेऊन संगणकावर निवांत काम करावे? येळ्ळूरचे शिवार आणि खानापूरकडचे माळ मी दोन्ही प्रकारे टिपत आलो आहे. माझा कल रॉकडे आहे, पण एका महत्त्वाच्या बाबतीत जेपेग सरस ठरते, हे आधीच सांगतो.

रंग हरवतो कोठे, ते प्रथम पाहू. क्षितिजावरील सूर्याचा प्रकाश हवेच्या फार लांब थरातून येतो, वाटेत त्यातील निळा भाग विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः नारिंगी-तांबडा. स्वयंचलित व्हाइट बॅलन्सला, म्हणजे पांढरी वस्तू पांढरीच दिसावी म्हणून रंग जुळवणाऱ्या सोयीला, हा तांबूसपणा प्रकाशाचा दोष वाटतो आणि कॅमेरा तो काढून टाकू पाहतो. एका पहाटे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या भावाचा पांढरा सदरा उन्हाची पहिली तिरीप पडताच अबोली दिसू लागला होता; छायाचित्रात मात्र तो धुतल्यासारखा पांढराशुभ्र आला आणि त्याच्यामागचे आकाश फिकट पिवळे झाले. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर, म्हणजे सुमारे ५५०० केल्व्हिनवर (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगाचे माप), कायम ठेवला असता तर सदरा अबोलीच राहिला असता. येथे अनेकांचा गोंधळ होतो. तांबूस प्रकाशाचे केल्व्हिन कमी असते, पण संपादनाच्या ॲपमध्ये तोच आकडा वाढवला की चित्र अधिक उबदार होते, कारण आपण ॲपला ‘प्रकाश निळसर होता, त्याची भरपाई कर’ असे सांगत असतो. याच कारणासाठी सूर्योदयाच्या चित्रात पांढऱ्या वस्तूवर पिपेट (ॲपमधील रंग निवडण्याची खूण) ठेवून रंग ‘शुद्ध’ करण्याच्या फंदात पडू नये. त्या एका क्लिकने सकाळची दुपार होते.

रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स ही केवळ एक नोंद असते आणि ती घरी बसून कितीही वेळा बदलता येते. जेपेगमध्ये तो निर्णय रंगांत मुरलेला असतो. नंतर चित्र उबदार करता येते, पण आकाशातील निळा आणि शिवारावरील धुक्याचा जांभळट रंगही सोबत पिवळा होत जातो.

दोन्हींतील खरा फरक मात्र सूर्यबिंबाच्या भोवती दिसतो. नारिंगी रंगात तांबडा घटक सर्वांत जास्त, हिरवा मध्यम आणि निळा अगदी थोडा असतो. एक्स्पोजर, म्हणजे चित्रात घेतलेला प्रकाश, जरा वाढले की तांबडा घटक आधी कमाल मर्यादेला टेकतो, हिरवा मात्र वाढतच राहतो, आणि शेंदरी बिंबाभोवतीचे वलय लिंबासारखे पिवळे होते. आणखी वाढले की मधोमध पांढरा डाग उरतो. अनेकांना हा रंगाचा दोष वाटतो आणि ते सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) वाढवत बसतात. त्यामुळे पिवळा अधिक भडक होतो, शेंदरी परत येत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे रॉ चित्र मुद्दाम एक-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) काळोखे घेऊन नंतर उजळले तरी आकाशातील रंगांच्या छटा तुटत नाहीत. जेपेगचे तेच आकाश उजळताना पट्टे पडू लागतात. अर्थात, प्रत्यक्ष बिंब पूर्ण जळालेले असेल तर रॉही ते परत आणू शकत नाही. टिपतानाच तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पाहावा आणि तांबड्याची रेघ उजव्या कडेला चिकटू देऊ नये.

फोनची अडचण थोडी वेगळी आहे. तो अनेक एक्स्पोजर एकत्र करून बिंब बऱ्यापैकी वाचवतो, पण त्याच वेळी खालचे शिवारही उजळवतो. भात कापून झाल्यावर मसूर आणि हरभरा उभा असलेली ती काळी रानं सूर्य वर येईपर्यंत गडद निळसर दिसतात. फोनच्या चित्रात त्यांतला प्रत्येक बांध मोजता येतो. स्नॅपसीड या मोबाइल ॲपमध्ये शॅडोज (गडद भागांचा उजेड) खाली ओढल्याने हे बरेच सुधारते. फोनच्या जेपेगवर पहिली दुरुस्ती मी हीच करतो, रंगाला हात नंतर लावतो.

आता ज्या बाबतीत जेपेग सरस ठरते, तिच्याकडे वळतो. रॉचे काम बहुधा आठ-पंधरा दिवसांनी होते आणि तोवर आठवण बदललेली असते. रंगशास्त्रज्ञ सी. जे. बार्टलसन यांनी १९६० मध्ये परिचित वस्तूंच्या आठवणीतील रंगांचा अभ्यास केला, तेव्हा आठवलेले रंग बहुधा प्रत्यक्षापेक्षा अधिक भरीव असतात असे त्यांना आढळले. त्या अबोली सदऱ्याच्या सकाळीबद्दल महिनाभराने विचारले, तेव्हा भाऊ आकाश गुलालासारखे होते म्हणाला. मला ते खानापूरच्या नव्या कौलासारखे आठवत होते. आम्ही खांद्याला खांदा लावून एकच सूर्योदय पाहिला होता. रॉ फाइल दोघांचेही म्हणणे खरे करून दाखवू शकते, आणि तिचा धोका नेमका तोच आहे. उलट गडावरच, दृश्य डोळ्यांसमोर असताना, फोनवर पाच मिनिटांत सुधारलेली जेपेग फाइल तांत्रिकदृष्ट्या कमी प्रतीची असली तरी रंगाशी अधिक प्रामाणिक असते.

म्हणून मी आता रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम टिपतो. जेपेग तेथेच सुधारतो आणि वहीत दोन ओळी लिहितो : क्षितिज कौलासारखे, त्यावर अबोली, माथ्यावर फिका मोरपंखी, शिवार निळसर काळे. घरी रॉवर काम करताना ती जेपेग शेजारी उघडी ठेवतो आणि तिच्यापलीकडे जायचे नाही असे स्वतःला बजावतो.

वर्षातून चार-दोन वेळा गडावर जाणाऱ्या आणि छायाचित्रे व्हॉट्सॲपवर नातेवाइकांना पाठवणाऱ्याने रॉच्या वाटेला जाऊ नये. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर, एक्स्पोजर किंचित खाली आणि त्याच सकाळी स्नॅपसीड, एवढे पुरे. भिंतीवर लावण्याजोगे मोठे प्रिंट हवे असेल किंवा एकच शिवार ऋतूंप्रमाणे नोंदवायचे असेल, तर रॉला पर्याय नाही. त्यासाठी डार्कटेबल हे संगणकावरील सॉफ्टवेअर मोफत आहे, पण शिकायला धीर लागतो. लाइटरूम सोपे आहे आणि फोन व संगणक दोन्हींवर चालते, मात्र त्याची वर्गणी द्यावी लागते. दोन्हींत सॅच्युरेशनऐवजी केवळ नारिंगी रंगाचा ह्यू (मूळ छटा) थोडा तांबड्याकडे सरकवून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच आठवण जुळते.

संपादन करताना स्क्रीनचा रात्रीचा पिवळसर मोड बंद हवा आणि फोनवर भडक रंगांऐवजी नैसर्गिक रंगांचा पर्याय निवडलेला असावा. स्क्रीनच्या उजेडावर भरवसा ठेवून मी एकदा थेट मोठे प्रिंट काढायला दिले. ते हाती आले तेव्हा शिवार पूर्ण काळे आणि क्षितिज विटकरी झाले होते. तेव्हापासून आधी चार बाय सहाचे एक प्रिंट काढतो, ते दिवसा खिडकीशी नेऊन वहीतल्या दोन ओळींशी ताडून पाहतो, आणि मगच मोठ्या कागदाची ऑर्डर देतो.